घाट की बोगदा

आवाज आधी आला. गाडीच्या डाव्या अंगाला खालून काहीतरी खरवडत गेलं, पत्रा करकरला आणि गाडी थांबली. म्हणजे तिनेच थांबवली असणार, कारण पाय ब्रेकवर होता. हॉस्पिटलच्या तळघरात ती रोज याच जागी गाडी लावायची. जागेच्या कडेला गुडघ्याएवढा सिमेंटचा ठोकळा होता, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, लोकांच्या नजरेत भरावा म्हणूनच रंगवलेला. तो काल तिथे होता, परवा होता, ती नोकरीला लागली तेव्हापासून होता. उतरून, गाडीला वळसा घालून ती या बाजूला आली तेव्हाही तो होता, आणि त्याच्या पिवळ्या पट्टीला गाडीचा निळा रंग लागला होता. तिला राग आला नाही. भीतीही वाटली नाही, निदान तेव्हा नाही. हा मला दिसला नव्हता, एवढंच तिच्या मनात आलं. घाई होती, लक्ष दुसरीकडे होतं, असं काही म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण लक्ष होतं. ती त्याच बाजूला बघत होती आणि तिथे तिला जमीन दिसली होती. करडी, गुळगुळीत, सलग जमीन.

घरी जेवणाच्या टेबलावर युरोपातल्या एका लहानशा देशाचा नकाशा पसरलेला होता. तो गेले कित्येक दिवस तिथून उठला नव्हता. ताटं त्याच्या कडेकडेने मांडली जायची. देश एवढासा, की तिने तळहात ठेवला तर राजधानी आणि थोडं जंगल तेवढं बाहेर उरायचं. चार दिवसांत गाडीने तो आडवा कापायचा: एक जुनं शहर, एक सरोवर, मग डोंगराची रांग आणि पलीकडे उतरल्यावर नदीकाठाने परत. एवढी साधी गोष्ट. पण डोंगराच्या रांगेपाशी येऊन बेत अडला होता, कारण तिथून पलीकडे जायच्या वाटा दोन. वरून घाट, वळणावळणांचा, जुना, बर्फ वितळल्यावरच उघडणारा. आणि खालून बोगदा, सरळ, दिव्यांचा, दहाएक मिनिटांत पलीकडे सोडणारा. नवरा बोगद्याच्या बाजूचा होता. "आपण डोंगर बघायला चाललोय आणि डोंगराच्या पोटातून जायचं?" असं ती म्हणायची. "पोटातून गेलो तरी डोंगरच ना तो?" असं तो म्हणायचा. नणंदबाईंना दोन्ही मान्य नव्हतं. त्या मागच्या वर्षी बसच्या सहलीला जाऊन आल्या होत्या आणि आल्यापासून युरोप हा विषय त्यांच्याकडे आला होता. "कशाला गं नसते उपद्व्याप? बसमध्ये बसायचं, झोपायचं, बाई झेंडा वर करून ओरडली की उतरायचं, फोटो काढायचे, परत झोपायचं. तुझ्या नवऱ्याला काय, तो बसेलच बाजूला. सगळी मरमर तुझी."

त्यात तथ्य होतं. नवरा गाडी चालवत नसे. परवाना होता, हात चांगला होता, पण सगळी नोकरी विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात गेलेली. दरीतून वर ओढून काढलेल्या, ट्रकखाली चेपलेल्या, झाडाला मिठी मारून उभ्या असलेल्या गाड्या. कुठला पत्रा कुठून दुमडलाय, काच आतून फुटली की बाहेरून, हे बघून तो त्या शेवटच्या क्षणाची गोष्ट लिहायचा. "मी गाड्या फक्त मेलेल्या पाहिल्यात," असं तो हसत सांगायचा आणि किल्ली तिच्या हातात द्यायचा. तिला ते सोयीचं होतं. तिला गाडी चालवायला आवडायचं.

त्या संध्याकाळी तो खाली जाऊन ओरखडा बघून आला. तिने सांगितलं नव्हतं, पण रखवालदाराने सांगितलं असेल. ती कणीक मळत होती. तो दाराशी उभा राहिला आणि त्याने विचारलं, "कशाला लागली?"

"पार्किंगमध्ये. तो ठोकळा नाही का."

"आधी ब्रेक मारला नव्हतास."

"अहो, पेशंट खोळंबले होते. फोन वाजला मधेच."

"अच्छा." त्याने चौकटीवर बोटाने रेघ ओढली. "नाही, ओरखडा एकदम सरळ आहे म्हणून म्हटलं. पट्टीने रेघ मारल्यासारखा. माणसाला वस्तू दिसली ना, की शेवटच्या क्षणाला का होईना, हात वळतो. रेघ तिथे शेपटीसारखी वाकडी होते."

"मग माझी नाही झाली वाकडी."

"बरं," तो म्हणाला. त्याचं हे 'बरं' तिला माहीत होतं. त्याचा अर्थ बरं असा नसायचा. फाइल अजून उघडी आहे असा असायचा. फोन वाजला नव्हता. हे खोटं आपण का बोललो हे तिला कणीक मळून होईपर्यंत कळलं नाही, आणि कळल्यावर तिने हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले.

तिचं काम नजरेचा पसारा मोजायचं. पांढऱ्या घमेल्यासारखं एक यंत्र, उभं केलेलं. त्यात पेशंटने हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या पिवळ्या ठिपक्यावर नजर रोवायची आणि आजूबाजूला कुठेही बारीकसा दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मग यंत्र एक कागद छापून देई. जिथे दिसतं तिथे पांढरं, जिथे कमी दिसतं तिथे करडं, जिथे दिसत नाही तिथे काळं. हॉस्पिटलात तिला सगळे दिवेबाई म्हणत. डॉक्टरीणबाईसुद्धा. अंधाऱ्या खोलीत, माणसांच्या पाठी बघत, तिची वर्षं गेली होती. माणसं इथे चिडायची. एक आजोबा तर कागद बघून भांडायलाच उठले होते: "तुम्ही त्या कोपऱ्यात दिवा लावलाच नाहीत!" लावला होता, आजोबा. "मग मला तिथे काळं का दिसलं नाही? मला तर सगळं पांढरं दिसत होतं." तेव्हा तिने त्यांना जे सांगितलं, ते ती त्याआधी आणि त्यानंतर शेकडो जणांना सांगत आली होती. काचबिंदूत डोळ्यापुढे काळं येत नाही. डोळा जो तुकडा गमावतो तो मेंदू भरून काढतो, शेजारच्या मालावरून. शेजारी भिंत असेल तर भिंतीने, गवत असेल तर गवताने, रस्ता असेल तर रस्त्याने. काम इतकं सफाईचं, की जोड दिसत नाही. म्हणून तर माणूस यायला उशीर करतो. आजोबा शांत झाले होते आणि मग म्हणाले होते, "म्हणजे माझी सून सांगते ते खरं. मी तिच्या पोराला तुडवलं."

तिच्या वडिलांना काचबिंदू होता. बाबांना तो फार उशिरा कळला. तोवर ते घरातल्या बुटक्या स्टुलाला रोज गुडघा मारून घ्यायचे आणि स्टुलालाच शिव्या द्यायचे. पुढे लोक म्हणाले, वडिलांमुळे मुलगी या कामाला लागली. तसं नव्हतं. विज्ञानाची पदवी होती, जागा निघाली होती, मुलाखतीला दुसरं कोणी आलं नव्हतं. पण वडिलांचा आजार मुलांकडे उतरू शकतो हे तिला इतरांपेक्षा लवकर कळलं, आणि म्हणून दर वर्षी, दुपारचे पेशंट संपले की, दार लोटून घेऊन ती स्वतःच त्या घमेल्यात हनुवटी टेकवायची. कागद स्वच्छ यायचा. डोळ्याचा दाबही नेमस्त असायचा. डॉक्टरीणबाई कागदाकडे बघून म्हणायच्या, "दिवेबाई, तुमच्यासारखे पेशंट मिळाले तर मला दुकान बंद करावं लागेल." आणि दोघी हसायच्या.

ठोकळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तपासणी करून घेतली. दोन्ही डोळ्यांची. खोलीत यंत्राच्या मोटरचा तो ओळखीचा घरघराट होता. आत आरसा वळला की बारीक टक्, मग दिवा. तिचा अंगठा बटणावर होता. कागद बाहेर आला तो दूध सांडल्यासारखा पांढरा. चुका शून्य. नजर हलल्याच्या नोंदी शून्य. तिने तो पर्समध्ये घडी न घालता ठेवला आणि घरी आल्याबरोबर नकाशावर, अगदी घाटावर, नवऱ्यासमोर ठेवला. "घ्या. माझे डोळे. दोन्ही." त्याला काचबिंदूतलं काही कळत नव्हतं, पण कागद वाचायची सवय होती. चष्मा वर करून त्याने तो बराच वेळ बघितला.

"चुका शून्य म्हणजे?"

"म्हणजे दिवा नसताना मी एकदाही बटण दाबलं नाही. आणि असताना चुकवलं नाही."

"इतरांच्या किती होतात?"

"होतात थोड्या. माणूस कंटाळतो, डुलकी लागते, शिंक येते."

"तुला शिंक नाही आली."

"अहो, काय म्हणायचंय ते म्हणा ना सरळ."

"काही नाही गं." त्याने कागद परत घाटावर ठेवला. "आमच्याकडे एखाद्या क्लेममध्ये सगळे कागद एकदम चोख असले ना, की मी गाडी परत बघायला जायचो."

तिला त्याचा इतका राग आला की तिने जेवताना पाणीसुद्धा स्वतःच घेतलं. पण राग विझल्यावर खाली जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं, कारण ते तिला आधीपासून माहीत होतं. असा कागद खऱ्या माणसाचा येत नाही. एखाद्या पेशंटचा असा कागद आला असता तर तिने स्वतः तपासणी पुन्हा घेतली असती. ती अंथरुणावर पडून अंगठ्याकडे बघत राहिली. बटण कोण दाबत होतं? दिवे कुठे कुठे लागतात, ती सगळी ठिकाणं तिला पाठ होती. यंत्राचा ताल पाठ होता. आरसा वळल्याची ती टक् कोणत्या दिव्याची आणि कोणती नुसती हुलकावणीची, हे कानाला कळत होतं. इतकी वर्षं त्या खोलीत बसून कान तेवढंच शिकला होता. डोळ्याला दिवा दिसला की नाही हे विचारायच्या आत अंगठा उत्तर देऊन मोकळा. तिने फसवलं नव्हतं. फसवायचं म्हणून कुणी एवढं चोख फसवू शकलं नसतं. जे काम तिला सगळ्यांत चांगलं येत होतं, त्यानेच दर वर्षी तिला पांढरा कागद छापून दिला होता.

त्यानंतरचे काही दिवस विचित्र गेले. बघणं, म्हणजे नुसतं बघणं, अवघड झालं. स्वयंपाकघरात फरशीवर पांढऱ्या-हिरव्या चौकटी होत्या. त्यांच्याकडे बघताना ती विचार करायची, यातल्या खऱ्या किती आणि माझ्या डोक्याने शेजारून उसन्या आणून भरलेल्या किती. जिन्याच्या पायऱ्या ती पायाने चाचपून उतरायची आणि मग आठवायचं की हे ती आज नाही, बरेच महिने करते आहे. पायाला हे माहीत होतं आणि त्याने तिला सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरवर सरोवराचे फोटो होते. निळं पाणी, मधे बेट, बेटावर मनोरा. पाण्याचा खालचा डावा भाग अगदी शांत होता, एकही तरंग नाही. तिने मान खाली घातली तेव्हा तिथे एक होडी निघाली, त्यात माणसं होती, एका बाईने लाल टोपी घातली होती. मान वर केली की होडी नाही, नुसतं पाणी. तिने तसं पुन्हा केलं. होडी. पाणी. होडी. मग तिने कॉम्प्युटर बंद केला.

आणि तरीही घाट तिच्या डोक्यातून हलत नव्हता. उलट रुतून बसला होता. लहानपणी बाबा सुट्टीत सगळ्यांना मामाकडे न्यायचे, वाटेत घाट लागायचा आणि घाट लागला की तिचं पोट वर यायचं. आई मांडीवर डबा घेऊन बसायची. बाबा पुढून ओरडायचे, "डोळे मीट! घट्ट मीट म्हणजे होणार नाही!" भाऊ खिडकीला चिकटून धबधबे मोजायचा, माकडं मोजायचा, खाली पडलेली गाडी दिसली की आरोळी ठोकायचा, ती आईच्या पदरात तोंड खुपसून वळणं मोजायची, पोटाने. मोठी होऊन ती जिथे जिथे गेली, तिथले डोंगर तिने असेच ओलांडले, डोळे मिटून. मग कधीतरी गाडी शिकली आणि पहिल्याच चढावर शोध लागला: जो चालवतो त्याला लागत नाही. हात चाकावर असले की पोट गप्प बसतं. त्यामागचं कारणही तिने वाचून काढलं होतं. वळण येणार हे शरीराला आधी कळलं की कान आणि डोळे भांडत नाहीत. पण कारणापेक्षा तो आनंद मोठा होता. डोंगर उघड्या डोळ्यांनी बघायचा तर चाक हातात हवं, हे तेव्हाच ठरून गेलं. हा घाट त्याचसाठी होता. सरोवर, मनोरा, जुनं शहर, हे सगळं नवऱ्यासाठी आणि नणंदबाईंना फोटो पाठवण्यासाठी. घाट तिचा होता.

रविवारी दुपारी तिने झोपायच्या खोलीचे पडदे ओढले. काळी शाल काढून कपाटाच्या दारांवर ताणून बसवली, चारी कोपरे चिकटपट्टीने. मधोमध पांढऱ्या कागदाचा ठिपका. विणायच्या एका लांब सुईला काळा दोरा गुंडाळला आणि टोकाला पांढऱ्या डोक्याची टाचणी बांधली. यंत्र यायच्या आधी तपासणी अशीच व्हायची. तिने शिकताना केली होती. मग तिने नवऱ्याला हाक मारली.

"हे काय, जादूचे प्रयोग?"

"तुम्ही इथे शालीच्या बाजूला उभे राहा. हात लपवा. ही टाचणी बाहेरून आत आणायची, कुठूनही, मनाला येईल तशी. मी ठिपक्याकडे बघत असेन. दिसली की 'आली' म्हणेन, गेली की 'गेली'. जिथे जाईल तिथे खडूने खूण करायची."

"हे तुमच्याकडचं ते यंत्र नाही करत?"

"यंत्र मला ओळखतं," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं आणि सुई हातात घेतली. ती खुर्चीवर बसली, डावा डोळा रुमालाने बांधला. तो फार वाईट परीक्षक होता. टाचणी मधेच थांबवायचा, मधेच भर्रकन न्यायचा, नाक खाजवायला हात खाली घ्यायचा, आणि दर थोड्या वेळाने विचारायचा, "आता दिसत्येय?"

"विचारू नका हो! मी सांगणार!"

"बरं, बरं. पण दिसत्येय का?"

"आली. आहे. आहे. आहे. आहे... गेली."

"अगं, इथेच तर आहे."

"खूण करा."

त्याच्या हाताला कसलाही ताल नव्हता. तिचा अंगठा मांडीवर ठोके द्यायला बघत होता आणि प्रत्येक ठोका चुकत होता. जगात असं एकच यंत्र होतं ज्याची पुढची हालचाल तिला इतक्या वर्षांत एकदाही ओळखता आली नव्हती, आणि ते आता शालीशेजारी उभं राहून "हात दुखला गं" म्हणत होतं. मग डोळा बदलला. पुन्हा तेच, पुन्हा त्याच बाजूला खाली, पुन्हा 'गेली'. एकदा तो बराच वेळ काही बोलला नाही. तिला वाटलं, थांबला असेल. "करताय ना?" तिने विचारलं. "करतोय," तो म्हणाला, वेगळ्या आवाजात. "केव्हाचा करतोय."

तिने रुमाल सोडला, उठून शालीजवळ गेली. खुणा एकमेकींना जोडल्यावर जो आकार झाला तो विळ्यासारखा होता, ठिपक्याच्या खालून डावीकडे वळत गेलेला, आणि दोन डोळ्यांचे दोन विळे एकमेकांवर बसत होते. म्हणून तर एका डोळ्याने दुसऱ्याला सांभाळून घेतलं नव्हतं. असा आकार तिने कागदावर इतक्यांदा बघितला होता, की तिला पहिल्यांदा जे वाटलं त्याची तिला नंतर लाज वाटली; तिला वाटलं, किती पाठ्यपुस्तकातल्यासारखा आलाय. नवरा पलंगाच्या कडेला बसला होता. त्याच्या बोटांना खडू लागला होता आणि तो ती पँटला पुसत होता, पुन्हा पुन्हा, पुसून झाल्यावरही.

"डॉक्टरीणबाईंना उद्या सांगते," ती म्हणाली. "थेंब चालू होतील. आहे ते टिकतं, बहुतेकांचं. गेलेलं येत नाही. आंधळी होणार नाहीये मी, तसं तोंड करू नका."

"मी कुठे तोंड केलं." तो उठला, पडदे उघडायला गेला आणि न उघडताच उभा राहिला. "बसची सहल बघू या का? ताईला विचारतो मी. ती कंपनी चांगली होती म्हणते."

"नाही."

"मग रेल्वे? रेल्वेने पण..."

"नाही. गाडीनेच जायचं. घाटानेच."

"अगं, पण तू..."

"मी नाही. मी चाकाला हात लावणार नाही, इथेही नाही आणि तिथेही नाही. तुम्ही चालवायची."

तो हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. "वेड लागलंय तुला. तिकडे सगळं उलट बाजूने. आणि घाट! मी घाटातून वर काय काढलंय ते तुला माहीत नाही, मी तुला अर्धंही सांगितलेलं नाही. प्रत्येक वळणावर मला ते दिसणार."

"दिसू दे. तुम्हाला नसलेलं दिसतं, मला असलेलं दिसत नाही. त्यातल्या त्यात तुमचं बरं. तुम्ही हळू तरी चालवाल."

डॉक्टरीणबाईंनी सोमवारी तिला स्वतः तपासलं, भिंग लावून, फार वेळ, नेहमीसारखी एकही कोटी न करता. मग दिवा बाजूला करून म्हणाल्या, "मी तुमचे कागद बघत बसले, बाई. डोळे बघायला हवे होते." आणि थेंबांचं नाव लिहून दिलं, पुढची तारीख दिली, गाडी बंद म्हणून सांगितलं. तिने सगळ्याला मान हलवली. बाहेर तिचे पेशंट बसले होते. तिने पहिलं नाव पुकारलं, एका शिक्षिकेला हनुवटी नीट टेकवून दिली, अंधार केला, आणि तिच्या पाठीकडे बघत बसून त्या दुपारी मनातल्या मनात घाटाचा सगळा बेत बदलला. सरोवराजवळ एक दिवस जास्त, नवऱ्याला रस्त्याची बाजू अंगवळणी पडायला. घाट सकाळी, ऊन पाठीशी असताना. वर पोचल्यावर मुक्काम, म्हणजे चढ आणि उतार एका दिवशी नकोत. जुनं शहर गाळलं. नणंदबाई फोनवर म्हणाल्या, "जुनं शहर नाही बघणार? मग जाताय कशाला?" ती म्हणाली, "डोंगरावर यांना गाडी शिकवायला." पलीकडे नणंदबाई बराच वेळ हसत होत्या, तिने हसू दिलं.

सरावाला जवळपास डोंगर नव्हता. तिने शोधून काढलं ते बाजाराच्या मागचं बहुमजली पार्किंग, गोल गोल चढत जाणाऱ्या रॅम्पचं. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथे चिटपाखरू नसतं. आधी काही दिवस मैदानावर, मग गल्ल्यांत, मग मोठ्या रस्त्यावर झालं होतं. नवरा चालवत होता तो दोन्ही हातांनी चाक असं धरून, जणू कोणी ते हिसकावून नेणार आहे. रॅम्पच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली. "हे म्हणजे खांबाच्या भोवती गरगर फिरल्यासारखं आहे. घाट इतका गोल नसतो."

"मग घाट सोपाच जाईल. चला."

पहिल्या मजल्याला तिच्या तोंडात मळमळीचं पाणी आलं. दुसऱ्याला पोट वर आलं, थेट, इतक्या वर्षांनी, ओळख न विसरलेल्या माणसासारखं. तिने डोळे मिटले नाहीत. भिंत वळत होती, वळतच होती, तिच्यावर टायरांचे काळे ओरखडे होते, आणि ती तोंडाने श्वास घेत एकेक ओरखडा बघत राहिली, मान वळवून, खाली, डावीकडे, जिथे ओरखडे असायलाच हवेत पण मान वळवल्याशिवाय नव्हते तिथेही. "ठीक आहेस ना?" तो विचारत होता. "रस्ता बघा," ती म्हणत होती. "पहिला गिअर. रेस सोडू नका. सोडू नका म्हटलं ना." तिसऱ्या मजल्यावर गाडी बंद पडली आणि मागे घरंगळली, तो ओरडला, तिने ओरडायचं टाळलं, आणि त्याने हँडब्रेक ओढून गाडी धरली. पुन्हा चालू केली. मग अचानक छप्पर संपलं आणि ते गच्चीवर होते, उघड्यावर, उन्हात.

दोघे उतरले. ती कठड्याला धरून उभी राहिली, पोट जागेवर येईपर्यंत. खाली बाजाराचे पत्रे, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, पण कठड्यापासून हातभर मागे. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"आलो वर," तो म्हणाला. लहान मुलासारखा खूश होता. मग वळून रॅम्पकडे बघितलं, आणि रॅम्प वरून खाली बघताना कसा दिसतो ते त्याला दिसलं. त्याचा चेहरा बदलला. "उतरताना तू घे."

तिने कठडा सोडला नाही.

"इथे कोणी नाही. तुला पाठ आहे. मी पुढे चालत जातो हवं तर, कोणी आलं तर हात करतो. अगं, मी वर आलो ना? वर आलो. पण उतार नाही जमणार मला. खरंच सांगतो. उतारावरच जातात सगळ्या." त्याने किल्ली तिच्यापुढे धरली.

किल्ली उन्हात गरम झाली होती. तिला ती हवी होती. घ्यायची, बसायचं, चाकाला हात लावायचा, आणि पोट गप्प बसेल, भिंत भिंतीसारखी येईल आणि जाईल. रस्ता रिकामा आहे, मधे काही नाही. मधे काही नाही हे तिला कसं माहीत? तिने बघितलं. रॅम्पच्या तोंडाशी असलेली जमीन करडी होती, गुळगुळीत, सलग. मान खाली वाकवली. तरीही सलगच होती. या वेळी खरंच काही नव्हतं. आणि पुढच्या वेळी? तिने त्याची मूठ किल्लीसकट मिटली आणि त्याच्या छातीकडे ढकलली.

"ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. गिअरमध्ये ठेवायची, ती स्वतःच हळू राहते. ब्रेक अधूनमधून, टिचकी मारल्यासारखा. मी सांगत जाईन. बसा."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर मधे थांबू. इथे काय, जेवायला घरी जायचं आहे, एवढंच."

तो बसला. ती बसली. त्याने गाडी सुरू केली, रॅम्पच्या ओठापर्यंत आणली, आणि तिथे तिच्या लक्षात आलं की तिचा उजवा पाय पुढे गेलाय. तिच्या बाजूला तळाशी काहीच नव्हतं, नुसती पायपुसणी, आणि तिच्यावर तिची टाच इतक्या जोराने रोवली होती की ती चुरगळली होती. गाडी तिच्या पायाने थांबली आहे असं तिला वाटत होतं. पाय उचलला की सुटेल. त्याच्याही ते लक्षात आलं. त्याने तिच्या पायाकडे बघितलं आणि त्याच्या तोंडावर तो कागद वाचतानाचा भाव आला. ती अजून ब्रेक मारते आहे, हे त्याला कळलं होतं.

तिने वाकून चपला काढल्या, बाजूला सारल्या. मग दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर, पट्ट्याच्या आत, घरात जेवायला बसावी तशी ऐसपैस मांडी घातली.

"हं," ती म्हणाली. "सोडा."

त्याने हँडब्रेक खाली केला. गाडीचं नाक झुकलं, आणि भिंत वळायला लागली.